मोजणीतून उगवलेली शंका

२००३ साली ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात निक बोस्ट्रॉम या स्वीडिश तत्त्वज्ञाचा तेरा पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षकच एक प्रश्न होते: तुम्ही संगणकाच्या सिम्युलेशनमध्ये राहत आहात काय? निबंधात एकही प्रयोग नव्हता, नवे निरीक्षण नव्हते, आणि गणित म्हणाल तर अपूर्णांकांच्या पलीकडे फारसे काही नव्हते. तरीही गेल्या दोन दशकांत तत्त्वज्ञानातल्या फार थोड्या लेखांना इतके वाचक, इतके विरोधक आणि इतके चुकीचे सारांश लाभले असतील.

चुकीच्या सारांशापासूनच सुरुवात करायला हवी, कारण या पुस्तकाकडे येणारे पुष्कळ वाचक तो बरोबर घेऊनच येतील. ‘आपले जग म्हणजे कुणीतरी चालवलेला संगणकाचा कार्यक्रम आहे, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ असे सर्रास सांगितले जाते. बोस्ट्रॉम यांनी असे कुठेही म्हटलेले नाही. त्यांचा दावा एवढाच, की तीन विधानांपैकी निदान एक खरे असलेच पाहिजे. आपल्यासारख्या बुद्धिमान जाती तंत्रज्ञानाच्या पूर्ण परिपक्व टप्प्याला पोचण्याआधीच जवळजवळ सगळ्या संपतात, हे पहिले. ज्या पोचतात त्यांपैकी जवळजवळ कुणालाच आपल्या पूर्वजांच्या जगाची तपशीलवार सिम्युलेशन्स चालवण्यात रस नसतो, हे दुसरे. ही दोन्ही खोटी असतील तर तिसरे टळत नाही: आपल्यासारखे अनुभव घेणाऱ्यांपैकी जवळजवळ सगळे सिम्युलेशनमध्येच राहतात, आणि आपणही बहुधा त्यांच्यातलेच. तिन्हींपैकी कोणते खरे, हे निबंध सांगत नाही. आपले अज्ञान इतके मोठे आहे की तिन्हींवर साधारण सारखाच विश्वास विभागून ठेवावा, असे खुद्द बोस्ट्रॉम यांनी लिहिले आहे.

हा निष्कर्ष येतो तो मोजणीतून. मानवी मेंदूच्या कामाचा वेग त्यांनी सेकंदाला एकावर १४ ते एकावर १७ शून्ये इतक्या क्रियांचा धरला. आजवर होऊन गेलेली माणसे सुमारे शंभर अब्ज, प्रत्येकाचे आयुष्य सरासरी पन्नास वर्षे, असे मानून मानवजातीच्या सगळ्या मनांचा इतिहास संगणकावर उतरवायला एकावर ३३ ते ३६ शून्ये इतक्या क्रिया लागतील, असा ढोबळ हिशेब केला. एखाद्या ग्रहाएवढ्या वस्तुमानाचा संगणक सेकंदाला एकावर ४२ शून्ये इतक्या क्रिया करू शकेल, हा आणखी एक अंदाज त्याला जोडला. म्हणजे असे एकच यंत्र सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शात माणसाचा समग्र मानसिक इतिहास उलगडू शकेल. त्यासाठी सगळे विश्व अणुरेणूंसकट चालवण्याचीही गरज नाही. दूरच्या ताऱ्यांचे वर्णन त्रोटक ठेवले, सूक्ष्मदर्शकाखाली कुणी डोकावले की तेवढ्यापुरता तपशील भरला, म्हणजे आतल्या माणसाला विसंगती जाणवणार नाही. आता मूळ इतिहास एक आणि चालवलेले इतिहास लाखो, दोन्हींकडच्या माणसांचे अनुभव आतून अगदी सारखे. मग आपण त्या एकमेव मूळ इतिहासातले आहोत, हे कोणत्या आधारावर म्हणायचे?

या युक्तिवादाचे वेगळेपण नेमके कुठे आहे, ते लक्षात घेतल्याशिवाय पुढची प्रकरणे वाचण्यात अर्थ नाही. जगाच्या खरेपणाबद्दलच्या जुन्या शंका इंद्रियांच्या दगाबाजीतून निघाल्या होत्या. चीनमध्ये च्वांगत्सूने फुलपाखरू झाल्याचे स्वप्न पाहिले आणि जागा झाल्यावर त्याला प्रश्न पडला, की आता फुलपाखरूच च्वांगत्सू झाल्याचे स्वप्न पाहत नसेल कशावरून? देकार्तने १६४१ च्या ‘मेडिटेशन्स’मध्ये एका सर्वसमर्थ, कपटी शक्तीची कल्पना केली, जी आपल्याला प्रत्येक बाबतीत फसवू शकते. हे दोघेही ‘असे असू शकेल’ इथपर्यंतच जातात. असे असण्याची शक्यता किती, हा प्रश्न त्यांना विचारता येत नाही, कारण फुलपाखरांची किंवा कपटी शक्तींची गणती करण्याचा मार्गच नाही. बोस्ट्रॉम यांची शंका गणतीवरच उभी आहे. आपले विज्ञान बरोबर आहे असे मानूनच ती सुरू होते, इंद्रियांवर अविश्वास दाखवत नाही, आणि शेवटी एक प्रमाण हातात ठेवते. म्हणून तिला उत्तर द्यायचे तर टेबलावर मूठ आपटून ‘हे पाहा, हे खरे आहे’ असे म्हणून चालत नाही. मोजणीत धरलेली गृहीतके तपासावी लागतात.

मराठीत या विषयावर बोलायला उभे राहिले की पाच मिनिटांच्या आत श्रोत्यांतून आवाज येतोच: यात नवे ते काय, हे तर आपल्या वेदान्तात आहे. ही प्रतिक्रिया मी हलक्यात घेत नाही. तिच्यामागे खरी ओळख आहे. एका मोठ्या परंपरेत वाढलेल्या मनाला सूर ओळखीचा लागतो. पण ‘आपल्याकडे होतेच’ म्हणून चर्चा तिथेच मिटवली, तर त्या परंपरेवरही अन्याय होतो. आपल्या दार्शनिकांनी या प्रश्नावर एकमताने मान डोलावलेली नाही. ते शतकानुशतके कडाडून भांडले आहेत, आणि त्या भांडणातच आजच्या वाचकाच्या उपयोगाचे खूप काही आहे.

वसुबंधू हे चौथ्या-पाचव्या शतकातले बौद्ध आचार्य. बाह्य वस्तू म्हणून काही नाही, जे आहे ते जाणिवेतच आहे, असे त्यांचे मत. ‘विंशतिका’ या छोट्या ग्रंथात आपले मत मांडण्याआधी ते प्रतिपक्षाचे आक्षेप समोर ठेवतात, आणि ते आक्षेप वाचताना आजचा संगणक अभियंता चमकून उठेल. बाहेर काहीच नसेल तर एखादी गोष्ट ठरावीक जागी आणि ठरावीक वेळीच का दिसते? ती एकट्यालाच न दिसता तिथे असलेल्या सगळ्यांना का दिसते? स्वप्नातल्या अन्नाने भूक भागत नाही, मग जागेपणीच्या अन्नाने कशी भागते? जागा आणि वेळ यांचे बंधन, अनेकांना एकच जग दिसणे, आणि कारणाप्रमाणे परिणाम घडणे: कोणत्याही सिम्युलेशनच्या रचनाकाराला याच तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. वसुबंधूंनी आपल्या परीने त्यांची उत्तरे दिली. ती पटोत न पटोत, प्रश्न मात्र अचूक निवडले होते.

वसुबंधूंच्या या मताला, म्हणजे विज्ञानवादाला, विरोध केला तो शंकराचार्यांनी. लोकांच्या मनात ज्यांचे नाव मायावादाशी कायमचे जोडले गेले आहे, त्याच शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरच्या भाष्यात जागृती आणि स्वप्न यांना एका मापाने मोजायला साफ नकार दिला. त्यांचा मुद्दा बाधाचा आहे. स्वप्नात दिसलेल्या वस्तूचा जागे झाल्यावर बाध होतो. ती नव्हती हे आपल्याला कळते. जागेपणी पाहिलेल्या खांबाचा असा बाध कोणत्याही अवस्थेत होत नाही. ब्रह्मज्ञानाने सगळ्याच जगाचा बाध होतो ही गोष्ट वेगळी. तोवर व्यवहारातले खरे ते खरेच, आणि दोरीवर दिसलेला साप खोटाच. व्यावहारिक आणि प्रातिभासिक असे हे दोन थर त्यांनी काटेकोरपणे वेगळे ठेवले.

हा निकष बोस्ट्रॉम यांच्या कल्पनेला लावून पाहिला की एक गोष्ट लख्ख होते. १९९९ च्या ‘द मेट्रिक्स’ चित्रपटात नायकाचे शरीर बाहेर कुठेतरी द्रवात पडलेले असते, आणि गोळी घेतली की त्याला जाग येते. तिथे बाधाची सोय आहे. बोस्ट्रॉम यांच्या सिम्युलेशनमध्ये बाहेर आपले शरीर नाही, झोपलेला मेंदू नाही. आपले मनही त्याच गणनेचा भाग आहे. आपल्यापुरते जागे होणे शक्यच नाही. यंत्र बंद पडले तर आपण बाहेर येणार नाही, आपण उरणारच नाही. म्हणजे ज्या एका गोष्टीमुळे स्वप्न खोटे ठरते, ती इथे मुळातच नाही. शंकराचार्यांच्या कसोटीवर घासले तर सिम्युलेशनमधले जग व्यावहारिक सत्याच्या थरात बसते, सापाच्या थरात बसत नाही. या पुस्तकात पुढे येणाऱ्या कितीतरी वादांची गाठ मला याच जागी सुटताना दिसते, म्हणून इथे थोडे रेंगाळलो.

यंत्राच्या बाजूने या कल्पनेची वंशावळ वेगळी आहे. कोनराड त्सूझ या जर्मन अभियंत्याने १९४१ मध्ये बर्लिनला ‘झेड-३’ हा प्रोग्रॅम देता येणारा, आपोआप चालणारा संगणक उभा केला. युद्धात बॉम्बहल्ल्यात तो नष्ट झाला. याच त्सूझने १९६९ मध्ये एका पुस्तकात असे सुचवले की अवकाश स्वतःच गणना करत असावे. छोट्या छोट्या पेशींचे जाळे, प्रत्येक पेशी शेजारणींकडे पाहून आपली पुढची स्थिती ठरवते, आणि त्यातून कण, लाटा, सारे काही. पुढच्याच वर्षी जॉन कॉन्वे या केंब्रिजच्या गणितज्ञाचा ‘गेम ऑफ लाइफ’ मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरातून जगापुढे आला. चौकटींची पाटी, प्रत्येक चौकट जिवंत किंवा मृत, आणि नियम तीन-चार. त्यातून सरकणाऱ्या, आपटणाऱ्या, नवी पिल्ले सोडणाऱ्या आकृत्या निघतात, आणि पुरेशी मोठी पाटी दिली तर तिच्यावर संपूर्ण संगणकसुद्धा बांधता येतो. इतक्या साध्या नियमांतून इतकी गुंतागुंत निघते हे ज्याने स्वतः पाहिले आहे, त्याला त्सूझची कल्पना विक्षिप्त वाटत नाही. एमआयटीचे एडवर्ड फ्रेडकिन, प्रिन्स्टनचे जॉन व्हीलर हे याच वाटेने गेले. २००२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सेथ लॉइड यांनी हिशेब मांडला, की दृश्य विश्व जन्मापासून आजवर जास्तीत जास्त एकावर १२० शून्ये इतक्या प्राथमिक क्रिया करू शकले असेल.

मात्र विश्व म्हणजे गणना, आणि विश्व म्हणजे दुसऱ्या कुणाच्या संगणकावर चाललेली गणना, ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात बाहेरचा कुणी लागत नाही. लॉइड यांचे विश्व स्वतःच संगणक आहे आणि तो स्वतःलाच गणतो. या विषयावरचे लोकप्रिय लेखन ही दोन विधाने सतत एकमेकांत मिसळते, आणि वाचकाला वाटते की भौतिकशास्त्रज्ञांचा मोठा वर्ग बोस्ट्रॉम यांच्या बाजूने आहे. तसे नाही. पुढे वाचताना हा फरक मनात ठेवावा.

आता सिम्युलेशन ही प्रत्यक्षात काय चीज असते ते पाहू. त्यासाठी पुण्यापलीकडे जायला नको. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ पासून ‘अर्क’ हा महासंगणक चालतो. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला एकावर १६ शून्यांहून थोड्या जास्त क्रिया. या संस्थेने घडवलेली आणि २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेली भारत पूर्वानुमान प्रणाली वातावरणाचे सहा किलोमीटरच्या चौकटींत तुकडे करते. प्रत्येक चौकटीत तापमान, दाब, बाष्प, वारा यांचे आकडे असतात, आणि भौतिकीची समीकरणे ते आकडे क्षणाक्षणाने पुढे ढकलतात. चौकटीच्या आत काय चालले आहे ते यंत्राला दिसत नाही. पावसाळी ढगाचा एखादा पुंजका चौकटीपेक्षा लहान असतो. त्याचा परिणाम ढोबळ सूत्राने भरावा लागतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईला येईपर्यंत तो कितीतरी पटींनी घटतो. एवढा मोठा उतार यंत्राच्या मोजक्या चौकटींत मावतो. म्हणून चौकट बारा किलोमीटरवरून सहावर आणणे हे हवामानशास्त्रज्ञांसाठी मोठे यश होते. बोस्ट्रॉम जेव्हा म्हणतात की नको तिथला तपशील गाळता येईल, तेव्हा या कामात आयुष्य घातलेल्या माणसाला लगेच प्रश्न पडतो: कोणता तपशील नको आहे हे आधी कळणार कसे? मॉन्सूनच्या बाबतीत लहानशा चौकटीतली चूक काही दिवसांत अख्ख्या उपखंडावर पसरते.

याच यंत्रातून आणखी एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे. बोस्ट्रॉम यांनी मेंदूसाठी धरलेल्या वेगाच्या पट्ट्यात ‘अर्क’ आजच बसतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतला ‘फ्रंटियर’ २०२२ मध्येच एकावर १८ शून्यांपलीकडे गेला. तो त्यांच्या वरच्या अंदाजाच्याही पुढे आहे. तरी या यंत्रांवर कुणाचे मन चालत नाही. अडचण वेगाची नाही. सी. एलिगन्स नावाच्या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत ३०२ चेतापेशी असतात, आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच छापला गेला. इतकी वर्षे लोटली तरी केवळ त्या नकाशावरून त्या कृमीचे सगळे वागणे संगणकावर उभे करता आलेले नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला: सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी, पाच कोटींच्या आसपास जोडण्या. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. अंतर किती आहे याची कल्पना यावी म्हणून हे आकडे दिले. ते कधीच कापता येणार नाही असे मी म्हणत नाही.

खरी दरी त्याच्याही पलीकडे आहे. जॉन सर्ल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८० मध्ये आठवण करून दिली, की पावसाच्या सिम्युलेशनने कुणी भिजत नाही. पाषाणच्या यंत्रात रोज मुसळधार पाऊस पडतो आणि यंत्रखोली कोरडी राहते. मग मनाच्या सिम्युलेशनमध्ये मन असेल कशावरून? बोस्ट्रॉम यांचा सगळा युक्तिवाद या प्रश्नाच्या एका विशिष्ट उत्तरावर उभा आहे: मन कोणत्या पदार्थात आहे याला महत्त्व नाही, रचना योग्य असली की सिलिकॉनमध्येही जाणीव येते. हे गृहीतक त्यांनी लपवलेले नाही. निबंधाच्या सुरुवातीलाच सांगितले आहे. पण ते सिद्ध केलेले नाही, आणि आज ते कुणालाच सिद्ध करता येत नाही. माझे स्वतःचे मन इथे डळमळते. बेरीज यंत्राने केली तरी ती बेरीजच असते. पाऊस यंत्राने ‘पाडला’ तर तो पाऊस नसतो. विचार आणि वेदना या दोहोंपैकी कशासारख्या आहेत? विचार बेरजेसारखा असावा असे मला वाटते. वेदनेबद्दल तसे म्हणण्याचे धाडस होत नाही.

आपण सिम्युलेशनमध्ये आहोत का, हे प्रत्यक्ष तपासण्याचे प्रयत्नही झाले आहेत. सायलस बीन, झोहरे दाऊदी आणि मार्टिन सॅव्हेज यांनी २०१२ मध्ये एक सुंदर विचार मांडला. अणुकेंद्रातल्या बलांची गणिते सोडवताना भौतिकशास्त्रज्ञ अवकाशाच्या जागी जाळी धरतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम दीर्घकाळ चालत आले आहे. आपले विश्वही असेच जाळीवर चालवलेले असेल, तर अतिशय प्रचंड ऊर्जेच्या वैश्विक किरणांना जाळीच्या दिशा जाणवतील, आणि ते सगळ्या दिशांनी सारखे येणार नाहीत. असा ठसा अद्याप सापडलेला नाही. १० मे २००९ रोजी फर्मी दुर्बिणीने टिपलेल्या गॅमा किरणांच्या स्फोटातले कमी आणि जास्त ऊर्जेचे किरण सात अब्ज वर्षांहून अधिक प्रवास करून सेकंदाभराच्या आत एकामागोमाग पोचले. अवकाश दाणेदार असण्याच्या काही कल्पनांना त्याने मोठा धक्का दिला. पण जाळी अधिक बारीक आहे, किंवा रचनाच जाळीची नाही, असे म्हणायला वाट उरतेच. उलट बाजूने २०१७ मध्ये झोहर रिंगेल आणि दिमित्री कोव्हरिझिन यांचा एक शोधनिबंध आला. काही क्वांटम घटना नेहमीच्या संगणकी पद्धतीने उतरवताना कणांची संख्या वाढली की काम घातांकाने फुगते, असे त्यात दाखवले होते. वृत्तपत्रांनी त्याचा मथळा ‘आपण सिम्युलेशनमध्ये नाही हे सिद्ध’ असा केला. निबंध त्याबद्दल नव्हताच. बाहेरचा संगणक आमच्या संगणकासारखाच असेल, याची हमी कुणी दिली आहे?

इथे साबिना होसेनफेल्डर यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांचा राग समजून घ्यायला हवा. कोणत्याही निरीक्षणातून निसटता येईल अशी कल्पना विज्ञानाच्या नावाने मिरवू नये, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मी फक्त एवढेच जोडेन, की बोस्ट्रॉम यांनी आपला निबंध तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात छापला होता. त्याला विज्ञानाचा पोशाख इतरांनी चढवला. २०१६ मध्ये इलॉन मस्क यांनी एका परिषदेत, आपण मूळ जगात असण्याची शक्यता अब्जांत एक आहे असे सांगितले, आणि पुराव्यादाखल चाळीस वर्षांतली व्हिडिओ गेम्सची प्रगती दाखवली. पडद्यावरची चित्रे सुधारणे आणि चित्रातल्या माणसाला जाणीव येणे यांच्यामधली दरी आधीच सांगितली आहे. त्यावर अधिक वेळ घालवत नाही.

मोजणीवरचे आक्षेप जास्त टोकदार आहेत. भौतिकशास्त्रज्ञ शॉन कॅरल यांनी दाखवले, की सिम्युलेशनच्या आत सिम्युलेशन अशी उतरंड असेल तर प्रत्येक पायरीला गणनाशक्ती घटत जाईल, आणि बहुतेक रहिवासी सर्वांत खालच्या पायरीवर असतील, जिथून पुढे सिम्युलेशन चालवणे अशक्य. म्हणजे आपण ‘नेहमीसारखे’ रहिवासी असू तर आपल्याला सिम्युलेशन जमणार नाही. पण युक्तिवाद तर आपल्याला ते जमेल इथूनच सुरू झाला होता. २०२० मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड किपिंग यांनी संभाव्यतेच्या गणिताने हिशेब करून, आपण सिम्युलेशनमध्ये असण्याची शक्यता अर्ध्याहून किंचित कमीच निघते असे मांडले. पण जाणीव असलेली माणसे आपण स्वतः सिम्युलेशनमध्ये जन्माला घातली, तर त्या दिवशी पारडे एकदम दुसरीकडे झुकेल, असेही त्यांनी म्हटले. मला सर्वांत खोल वाटणारा आक्षेप वेगळा आहे. ग्रहाएवढ्या संगणकाचा आकडा आपण आपल्या जगाच्या भौतिकीवरून काढला. आपण सिम्युलेशनमध्ये असू तर ती भौतिकी कुणीतरी लिहिलेली आहे, आणि बाहेरच्या जगात काय शक्य आहे हे तिच्यावरून सांगता येत नाही. ज्या फांदीवर बसून निष्कर्ष काढला तीच निष्कर्षाने कापली जाते. समर्थकांचे उत्तर आहे: आपण सिम्युलेशनमध्ये असू तर निष्कर्ष खराच ठरला, आणि नसू तर भौतिकीचे आकडे भरवशाचे आहेत, तेव्हा मोजणी पुन्हा लागू होते. उत्तर चतुर आहे. ते पुरेसे आहे की नाही, यावर वाचकाने स्वतः झुंजावे. पुस्तकाचे सर्वांत लांब प्रकरण याच झुंजीला दिले आहे.

समजा, हे सारे आक्षेप पार करून तिसरे विधानच खरे ठरले. मग काय बदलते? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी २०२२ च्या ‘रिअ‍ॅलिटी प्लस’ या ग्रंथात दिलेले उत्तर मला मनापासून पटते: झाडे, घरे, माणसे तशीच खरी राहतात, फक्त ती कशाची बनली आहेत याबद्दल एक नवी माहिती मिळते. टेबल बहुतांशी पोकळ अवकाशाचे बनले आहे हे विसाव्या शतकात कळले, तेव्हा टेबल खोटे ठरले नाही. हे वाचताना मला ‘अमृतानुभव’ आठवला. तिथे ज्ञानेश्वर जगाला अज्ञानाचे कार्य मानायला तयार नाहीत. अज्ञानाचे खंडन त्यांनी एका अख्ख्या प्रकरणात केले आहे, आणि जग हा चैतन्याचाच विलास आहे असे म्हटले आहे. शांकर मतापासून ते किती दूर गेले यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्ञानेश्वर आणि चाल्मर्स एकच सांगतात असेही नाही; एकाचा आधार अनुभव, दुसऱ्याचा तर्क, आणि चैतन्याचा विलास म्हणजे बिट्सची मांडणी नव्हे. पण जगाच्या मुळाशी काही वेगळेच असले म्हणून जग हलके होत नाही, ही धारणा मराठी मनाला परकी नाही, आणि ‘सगळी माया आहे’ या थकलेल्या उद्गारापेक्षा ती कितीतरी अधिक जिवंत आहे.

राहिले दुसरे विधान. त्याच्याकडे या विषयावरच्या लेखनात सर्वांत कमी लक्ष दिले गेले, आणि ते खरे असावे अशी माझी इच्छा आहे. प्रगत जातींना पूर्वजांची सिम्युलेशन्स का चालवावीशी वाटणार नाहीत, याची जी कारणे बोस्ट्रॉम सुचवतात त्यांत एक नैतिक आहे: आतल्या माणसांना दुःख होते. मानवी इतिहास पुन्हा चालवणे म्हणजे दुर्गादेवीचा दुष्काळ पुन्हा चालवणे, १८९७ चा पुण्यातला प्लेग पुन्हा चालवणे, प्रत्येक आईच्या कुशीतले प्रत्येक मूल पुन्हा मरू देणे. ज्याच्या हातात हे यंत्र आहे आणि आतल्या वेदना खऱ्या आहेत हे ज्याला ठाऊक आहे, तो हे केवळ कुतूहलापोटी करील? डॅनियल गॅलॉय यांच्या १९६४ च्या ‘सिम्युलॅक्रॉन-३’ या कादंबरीत अख्खे शहर संगणकात वसवले जाते ते बाजारातला कल अजमावण्यासाठी. साठ वर्षांपूर्वी सुचलेला तो हेतू आज मला अजिबात अशक्य वाटत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न आपल्या निर्मात्यांना विचारण्याआधी आपण स्वतःला विचारला पाहिजे.

टॉमस मेट्झिंगर या जर्मन तत्त्वज्ञाने २०२१ मध्ये तो विचारला. यंत्रात दुःखाची जाणीव निर्माण होण्याचा धोका ज्या संशोधनात जाणूनबुजून पत्करला जातो, त्यावर २०५० पर्यंत जगभर बंदी घालावी, अशी त्यांची मागणी आहे. वेदना यंत्रात येऊ शकते की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना ती निर्माण करणे अक्षम्य आहे, हा त्यांचा तर्क मला बिनतोड वाटतो. बोस्ट्रॉम यांच्या मोजणीतले आकडे पुढे चुकीचे ठरले, चौकटी आणि जाळ्यांचे वाद मिटले, तरी या मागणीचे वजन कमी होणार नाही. ती आपल्या हातातल्या यंत्रांबद्दल आहे. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण तिच्याबद्दल आहे. कुणी तेच प्रकरण आधी वाचले तरी चालेल.